पोलवर लिहिलेला आकडा

बांबूउडीच्या पोलवर, वरच्या टोकाजवळ, बनवणाऱ्या कारखान्याच्या नावाशेजारी दोन आकडे ठळक अक्षरांत नोंदलेले असतात. पहिला लांबीचा आणि दुसरा वजनाचा, उदाहरणार्थ ४.४५ मीटर आणि १५० पौंड. ह्याखेरीज दशांश चिन्हासह लिहिलेला एक लहानसा तिसरा आकडाही पोलवर असतो, पण त्याकडे प्रेक्षकांचे तर सोडाच, पुष्कळशा नवशिक्या उडीपटूंचेही लक्ष जात नाही. मैदानावर आपल्याला दिसते ती चाळीसेक मीटरांची धाव, जमिनीत बसवलेल्या पेटीत टेकलेले टोक, क्षणभर धनुष्याकृती झालेला पोल आणि पाय आकाशाकडे करून दांडीपलीकडे गेलेला मनुष्य. परंतु लांबलचक नळीत आठ-दहा पोल घालून जो मनुष्य ह्या स्पर्धेला आलेला असतो, त्याचे चित्त त्या तीन आकड्यांतच गुंतलेले असते. आणि उडी शिकवणारे दोन प्रशिक्षक एकत्र आले म्हणजे 'स्पिरिट चांगला की पेसर, आणि नॉर्डिकचे काय' असा पोलांच्या कंपन्यांविषयीचा जो वाद निघतो, तोही मुळात त्या आकड्यांचाच वाद असतो, मग तो घालणाऱ्यांच्या हे ध्यानात असो वा नसो. ह्या वादाचा निवाडा करायचा तर पोल हा पदार्थ कसकसा बदलत गेला आणि त्यावर आकडा लिहिण्याची आवश्यकता मुळात का उत्पन्न झाली, तेथून आरंभ केला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील उडीपटू ॲश किंवा हिकरी ह्या जातींच्या लाकडाचे जड दांडे वापरीत. दांड्याच्या तळाला लोखंडी खिळा असे आणि तो सरळ जमिनीत रोवला जाई. उत्तरेकडील अल्व्हर्स्टन गावच्या गड्यांनी तर दांडा उभा होताच त्यावर हात बदलत वर चढण्याची रीत काढली होती, आणि पुढे तिला मनाई झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी बांबू आला. पोकळ असल्यामुळे हलका, पेरापेरांनी बांधलेला असल्यामुळे मजबूत, आणि लाकडापेक्षा थोडा अधिक लवणारा असा हा दांडा निसर्गाने जणू ह्याच कामासाठी घडवला असावा असे उडीपटूंना वाटले, आणि जपानी बांबूला ह्या क्षेत्रात मोठा मान मिळाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये शुहेइ निशिदा आणि सुएओ ओए ह्या दोघा जपानी उडीपटूंनी ४.२५ मीटरची समान उडी घेतली, आणि आपापली रौप्य व कांस्य पदके अर्धी अर्धी कापून जोडून घेतली, ही हकीकत क्रीडाप्रेमी वाचकांना ठाऊक असेल. ह्या युगाचा शिरोमणी कॅलिफोर्नियाचा कॉर्नेलियस वॉर्मरडॅम. १३ एप्रिल १९४० रोजी बर्कली येथे त्याने पंधरा फुटांची मर्यादा प्रथमच ओलांडली, १९४२ मध्ये ४.७७ मीटरचा विक्रम केला, आणि त्याच्या आयुष्यातील पंधरा फुटांवरील उड्यांची संख्या त्रेचाळीसपर्यंत गेली, ज्या काळात जगातील दुसऱ्या कोणालाही ती एकदासुद्धा साधली नव्हती.

बांबूच्या ह्या युगात 'कोणत्या कंपनीचा' हा प्रश्न संभवतच नव्हता. बांबूवर आकडा नसे. दोन बांबू एकाच बेटातून तोडलेले असले तरी सारखे नसत. उडीपटू दहा-वीस दांडे हातात घेऊन, जमिनीवर टेकवून, वाकवून पाहत असे, त्यांतला एखादा निवडून चिरू नये म्हणून त्याला पट्टी गुंडाळीत असे, आणि तो दांडा मोडेपर्यंत त्याच्या स्वभावाशी जुळवून घेत असे. वस्तूची पारख करण्याची सगळी जबाबदारी वापरणाऱ्याच्या तळहातावर होती.

दुसऱ्या महायुद्धाने जपानी बांबूचा पुरवठा तोडला आणि धातूच्या पोलांना वाव मिळाला. स्वीडनच्या पोलादाचे आणि ॲल्युमिनियमचे पोल एकसारखे निघत, चिरत नसत, आणि ठोक भावाने मागवता येत. परंतु उंचीच्या हिशेबात ह्या सुधारणेची प्राप्ती किती अल्प होती, हे विक्रमांच्या नोंदीच सांगतात. वॉर्मरडॅमचे ४.७७ मीटर १९५७ मध्ये बॉब गुटोव्स्कीने एका सेंटिमीटरने मागे टाकले आणि १९६० मध्ये डॉन ब्रॅगने ४.८० पर्यंत मजल मारली. म्हणजे अठरा वर्षांत अवघे तीन सेंटिमीटर. ताठ पोलची मर्यादाच ती होती. ताठ पोल जितका लांब धरावा तितका तो उभा करणे कठीण जाते, आणि पेटीत टेकताच बसणारा धक्का धावेतला बराचसा वेग खाऊन टाकतो. त्यामुळे मनुष्याच्या अंगी कितीही वेग असला, तरी पकडीची उंची एका ठिकाणी येऊन थांबत असे.

ही कोंडी फोडली ती मासे पकडण्याच्या गळाच्या काठ्या बनवणाऱ्यांनी. कॅलिफोर्नियात हर्ब जेंक्स नावाचा कारागीर काचतंतू आणि राळ ह्यांपासून अशा काठ्या बनवीत असे. त्याच विद्येतून उडीचा पोल निघाला आणि सिलाफ्लेक्स ह्या नावाने प्रसिद्धीस आला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ग्रीसच्या गिऑर्गिओस रुबानिसने अशा पोलवर कांस्यपदक मिळवले तेव्हा पुष्कळांनी तो योगायोग मानला. १९६१ मध्ये जॉर्ज डेव्हिसने फायबरग्लासच्या पोलवर ४.८३ मीटरचा पहिला जागतिक विक्रम केला, फेब्रुवारी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉन युल्सेसने सोळा फुटांची सीमा ओलांडली, आणि ऑगस्ट १९६३ मध्ये जॉन पेनेलने ५.२० मीटर गाठले. धातूला अठरा वर्षांत तीन सेंटिमीटर मिळाले होते; काचतंतूने तीन वर्षांत चाळीस मिळवून दिले.

ही किमया गोफणीची आहे, माणसाची नव्हे, असा आक्षेप त्या वेळी मोठ्या आवेशाने घेतला गेला, आणि खुद्द ब्रॅग आक्षेपकांत अग्रणी होता. आक्षेपात तथ्यांश आहे, पण तो लोक समजतात तेथे नाही. पोल स्वतः ऊर्जा निर्माण करीत नाही. धावणाऱ्याने त्यात घातलेली ऊर्जाच तो थोडा वेळ साठवतो आणि काही अंश गमावून परत देतो. सेकंदाला १० मीटर वेगाने धावणाऱ्याची गतिज ऊर्जा पूर्णपणे उंचीत बदलली, तर त्याचा गुरुत्वमध्य सुमारे ५.१ मीटर वर जाईल. त्यात धावताना कमरेपाशी असलेल्या गुरुत्वमध्याची मूळची मीटरभर उंची आणि वर लटकलेल्या अवस्थेत खांदे, पोट व हात ह्यांनी केलेले काम मिळवले, म्हणजे सहा मीटरांपलीकडील उड्यांचा उलगडा होतो. काचतंतूने घडवलेला खरा बदल निराळाच आहे. वाकलेला पोल तात्पुरता आखूड होतो. आखूड झाल्यामुळे तो पेटीभोवती सुलभतेने फिरून उभा राहतो. आणि उभा राहता राहता पुन्हा लांब होतो. म्हणून ताठ पोलवर ज्या उंचीची पकड स्वप्नातही घेता आली नसती, ती पाच मीटरांच्या आसपासची पकड आता शक्य झाली. त्याचबरोबर भुशाच्या आणि वाळूच्या खड्ड्यांची जागा फोमच्या जाड गाद्यांनी घेतली, आणि पाठीवर पडण्याचे भय उरले नाही.

पण ह्याच गुणातून एक नवी अडचणही जन्मली. पोल वाकणार, तर तो किती वाकावा? फार मऊ असला तर तो अधिक लवतो, उडीपटूला दांडीपलीकडे न फेकता सरळ वर किंवा भलतीकडे सोडतो, आणि प्रसंगी मोडतोही; फार ताठ असला तर उभाच राहत नाही आणि मनुष्य मागे धावपट्टीवर येतो, जी गोष्ट सर्वांत धोक्याची. बांबूच्या वेळी ज्या निवडीचा निकाल तळहात लावीत असे, ती निवड आता कोणत्या तरी मापाने करणे अपरिहार्य झाले. पोलवरचा आकडा ह्या गरजेतून आला.

आकड्याचा अर्थ समजण्यासाठी कारखान्यात डोकावले पाहिजे. धातूच्या एका लांब, गुळगुळीत दंडाभोवती, ज्याला तेथे मँड्रेल म्हणतात, राळेत भिजवलेले काचतंतूंचे कापड गुंडाळले जाते: आधी तिरप्या पट्ट्या, मग पूर्ण लांबीचे थर, आणि शेवटी 'सेल' नावाचा एक तुकडा, ज्याचा आकार शिडासारखा एका बाजूस निमुळता असतो. ह्या शिडामुळे पोलची भिंत मध्यभागी जाड आणि टोकांना पातळ होते. ते किती लांब कापायचे आणि पोलच्या कोणत्या भागावर बसवायचे, ह्यावरून पोल कोठे वाकेल आणि कोणत्या गतीने सरळ होईल हे ठरते. नंतर वरून घट्ट पट्टी आवळून तो भट्टीत शेकतात, थंड झाल्यावर आतला दंड ओढून काढतात, आणि उरते ती पोकळ नळी. मँड्रेलचा व्यास वाढवला तर तोच ताठपणा पातळ भिंतीत मिळतो आणि पोल हलका होतो. बाहेरून कार्बनतंतूंचा थर दिला तर तो आणखी हलका व चपळ होतो, पण अशा पोलवर चूक झाल्यास सावरायला वेळही कमी मिळतो. बहुतेक पोलांना मुळातच एका बाजूला किंचित बाक असतो, आणि तो त्याच बाजूला वाकवावा लागतो.

तयार पोलची तपासणी साधी आहे. तो दोन आधारांवर आडवा ठेवून मध्यभागी ५० पौंडांचे, म्हणजे सुमारे २२.७ किलोचे वजन टांगतात, आणि मध्य जितके सेंटिमीटर खाली येतो तो आकडा पोलवर लिहितात. सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला तो तिसरा, दशांश चिन्हाचा आकडा हाच. त्याला फ्लेक्स म्हणतात. आकडा जितका लहान, तितका पोल ताठ. ठळक लिहिलेला वजनाचा आकडा ह्या मोजणीवरून कारखानदार ठरवतो. त्याचा मथितार्थ असा की अमुक वजनाच्या उडीपटूने ठरलेल्या उंचीवर पकड घेतली तर पोल त्याला पेलेल. अमेरिकेतील शालेय स्पर्धांत उडीपटूचे वजन पोलवरील आकड्याहून अधिक असता कामा नये असा नियमच आहे, आणि सर्वांत वरच्या पकडीची जागा दाखवणारी पट्टी पोलवर बंधनकारक आहे. तेथे तो आकडा म्हणजे कारखानदाराने दिलेला दाखला आहे, आणि अपघात झाल्यास न्यायालयात दाखल होणारा दस्तऐवजही. उलट जागतिक पातळीवरचे नियम पोलच्या बाबतीत अतिशय उदार आहेत: पोल कोणत्याही द्रव्याचा, कोणत्याही लांबीचा, कोणत्याही व्यासाचा चालतो, फक्त त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असावा. भाल्याचा गुरुत्वमध्य कोठे असावा हे जे शासन सेंटिमीटरांत सांगते, तेच पोलविषयी मौन पाळते.

पोलविषयीच्या नियमांच्या इतिहासात एक कटू अनुभवही आहे. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकच्या तोंडावर 'कॅटा-पोल' नावाच्या नव्या पोलांवर आंतरराष्ट्रीय संघटनेने बंदी घातली; मग ती उठवली; आणि स्पर्धेच्या ऐन तोंडावर पुन्हा लागू करून खेळाडूंचे पोल जप्त केले. त्याच वर्षी जुलैमध्ये ५.६३ मीटरचा विक्रम करणाऱ्या बॉब सीग्रेनला अपरिचित पोल घेऊन मैदानात उतरावे लागले. पूर्व जर्मनीच्या वोल्फगांग नोर्डविगने ५.५० मीटरने सुवर्णपदक जिंकले आणि ह्या प्रकारातील अमेरिकेची अखंड ऑलिंपिक परंपरा संपुष्टात आली, ५.४० वर थांबलेल्या सीग्रेनने अखेरच्या उडीनंतर तो पोल संघटनेचे अधिकारी आद्रियान पाउलेन ह्यांच्या हाती सोपवून आपला निषेध नोंदवला. हुकमाची योग्यायोग्यता क्षणभर बाजूला ठेवली तरी एक गोष्ट ह्या प्रकरणाने स्वच्छ केली: उडीपटूपासून त्याचा ओळखीचा पोल काढून घेणे आणि त्याच्या पायांतला वेग काढून घेणे ह्यांत फारसे अंतर नाही.

आता कंपन्यांकडे वळू. इलिनॉय विद्यापीठाचे प्रशिक्षक हॅरी गिल ह्यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेल्या गिल कंपनीचे पेसर हे नाव शाळा-महाविद्यालयांपासून विक्रमवीरांपर्यंत सर्वत्र आढळते, आणि त्या नावाखाली साधे काचतंतूचे, तसेच कार्बनमिश्रित, असे निरनिराळे पोल निघतात. नेवाडातील यूसीएस कंपनीचा स्पिरिट आज सर्वोच्च पातळीवर बहुधा सर्वाधिक दिसणारा पोल; सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो येथे ६.३० मीटर उडी घेणारा आर्मंड ड्युप्लांटिस स्पिरिटच वापरतो. एसेक्स ही ब्रूस काल्डवेल ह्या जुन्या पोलकाराची कंपनी. आणि स्वीडनच्या उत्तर भागातील शेलेफ्तियो येथील नॉर्डिक स्पोर्ट ही युरोपातील मातब्बर पेढी. स्पिरिट मऊपणे लवतो, पेसर ठोस वाटतो, कार्बनचा पोल लवकर सुटतो, अशी मते उडीपटूंच्या बोलण्यात ऐकू येतात, आणि शिडाची जागा, मँड्रेलचा व्यास व कापडाची वीण ह्या तिन्ही बाबतींत प्रत्येक कारखान्याची स्वतंत्र पद्धत असल्यामुळे त्या मतांना आधारही आहे.

परंतु खरी ग्यानबाची मेख पुढेच आहे. एका कंपनीचा '४.६० मीटर, १६५ पौंड' आणि दुसरीचा '४.६० मीटर, १६५ पौंड' हे एकच माप नव्हे. आधारांमधील अंतर निराळे धरले, तर टांगलेल्या त्याच वजनाने फ्लेक्सचा आकडा बदलतो. शीड वरच्या बाजूस सरकवले, तर आकडा तोच राहूनही पोल वेगळ्या ठिकाणी वाकतो. आणि किती पौंडांचा शिक्का मारायचा हा शेवटी कारखानदाराचा आपला फैसला. १९५८ नंतर दशमान वजने-मापे रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे पायली गावोगाव निराळी असे. एका पेठेतली पायली दुसऱ्या पेठेत नेली की व्यवहार फसे, पण त्याच पेठेत राहणाऱ्याला तिच्यापासून कधी तोटा होत नसे. पोलच्या कंपन्यांचे आकडे अगदी असेच आहेत. ते आपापल्या घरात चोख असतात; घराबाहेर त्यांना किंमत नसते.

अनुभवी उडीपटू एकाच कंपनीला चिकटून राहतो तो त्यामुळेच. एखाद्या जाहिरातीने तो भुललेला असतो अशातला भाग नाही. स्पर्धेत तो एका पोलवर उडतच नसतो. तो एका शिडीवर चढत असतो, जिची प्रत्येक पायरी म्हणजे पाच-दहा पौंडांनी ताठ होत जाणारा, किंवा १५ सेंटिमीटरने लांब होत जाणारा पुढचा पोल. पकड १५ सेंटिमीटर खाली घेतली की पोल साधारण १० पौंडांनी ताठ झाल्यासारखा वागतो, असा उडीपटूंमध्ये रूढ असलेला एक स्थूल ठोकताळा आहे; आणि पाठीमागून वारा सुटला, अंग हलके वाटले, धाव जलद झाली, की पुढची पायरी, थकवा आला की मागची, असा त्याचा हिशेब क्षणोक्षणी चालू असतो. त्या हिशेबाला लागते ती एकच हमी: पुढचा पोल आधीच्याहून तेवढाच ताठ असेल, जेवढा आकडा सांगतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्राझीलच्या फाबियाना मुरेरचा एक पोल आयोजकांकडून हरवला. तिच्याजवळ इतर पोल होते. हरवला होता तो फक्त एक. तरीही तिचा सगळा क्रम ढासळला आणि ती दहावी आली. हीच मुरेर तीन वर्षांनी दैगू येथे ४.८५ मीटर उडी घेऊन जगज्जेती झाली. शिडीतली एक पायरी काढली तर उरलेल्या पायऱ्यांचा काय उपयोग, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

पोल मोडण्याची भीती हा ग्राहकाच्या चिंतेचा दुसरा विषय. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या लाझारो बोर्हेसचा पोल हवेत तीन तुकडे होऊन फुटला, सुदैवाने त्याला इजा झाली नाही; आणि मोडलेला पोल ही उडीपटूची चूक धरत नाहीत, त्याला नवी संधी मिळते. मोडण्याचे कारण क्वचितच कंपनीच्या नावात सापडते. बुटाच्या खिळ्याचा ओरखडा, दगडावर आपटलेली कड, मूळच्या बाकाविरुद्ध दिशेने वाकवणे, आणि आपल्या वजनाला न पेलणारा मऊ पोल घेणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. ओरखड्यातून तंतू तुटत जातात आणि एखाद्या साध्या उडीत, ज्या वेळी कोणाला शंकाही नसते, सगळा हिशेब एकदम चुकता होतो.

भारतापुरते पाहिले तर हा विषय चैनीचा नाही. १९८७ मध्ये विजयपाल सिंगने ५.१० मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला तेव्हा सेर्गेई बुब्का ६.०३ वर पोहोचला होता; विजयपालचा तो विक्रम तीन दशकांहून अधिक काळ टिकला. २०२२ मध्ये गांधीनगरच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत शिवा सुब्रमण्यमने ५.३१ आणि २०२५ मध्ये कोची येथे मध्य प्रदेशाच्या देव मीनाने ५.३५ मीटर उडी घेतली. ह्या संथ वाटचालीत धावपट्टी, गाद्या, प्रशिक्षक ह्यांच्या अभावाचा मोठा वाटा आहेच. परंतु पोल परदेशांतून मागवावा लागतो, एकेकाची किंमत शेकडो डॉलरांत जाते, वर लांबीमुळे वाहतूक महाग पडते, आणि मग एखादे विमान वा आगगाडी पाच मीटरांची नळी घेण्यास का-कू करते, हेही विसरून चालणार नाही. परिणाम असा होतो की आपल्या बहुतेक क्रीडाकेंद्रांत पोल असतात, पण शिडी नसते: एक देणगीत मिळालेला, दुसरा जुन्या खेळाडूने सोडून दिलेला, तिसरा कोणत्या तरी योजनेतून आलेला, आणि तिन्ही तीन कंपन्यांचे. एकावरून दुसऱ्याकडे जाताना मुलाला किती ताठपणा चढून जायचा आहे हे कोणी सांगू शकत नाही, कारण त्या आकड्यांचा परस्परांशी काही करारच नाही. मुलगा धावतो, पोल वाकत नाही, तो परत मऊ पोलकडे जातो, आणि तेथेच वर्षानुवर्षे राहतो.

तेव्हा कोणती कंपनी श्रेष्ठ, ह्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. नामांकित कंपन्यांच्या मालात काच, राळ आणि कारागिरी ह्यांचा इतका फरक नाही की तरुण उडीपटूची उंची त्यावर ठरावी. कार्बनची चपळाई, मोठा व्यास, विक्रमवीराच्या हातातील रंग ह्या गोष्टी ज्याने पाच मीटर ओलांडले आहेत त्याने पाहाव्यात. शाळेने, जिल्हा संघटनेने किंवा क्रीडा प्रबोधिनीने एकच कंपनी निवडावी, मग ती कोणतीही असो, आणि तिचे ३.६५ मीटरपासून वरचे पोल पाच-पाच, दहा-दहा पौंडांच्या अंतराने, मध्ये खंड न पडू देता विकत घ्यावेत. प्रत्येकाचा फ्लेक्सचा आकडा नोंदवहीत उतरवावा, आणि कोणता मुलगा कोणत्या पोलवर केव्हा चढला ह्याचे दप्तर ठेवावे. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे चार उत्तम पोल घेण्यापेक्षा एकाच कंपनीचे चार मध्यम पोल घेणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे, कारण उडीपटूला पोल बदलताना धीर लागतो तो पुढच्या आकड्यावरच्या विश्वासाचा, आणि तेवढा विश्वास देऊ शकेल ती कंपनी त्याच्यापुरती सर्वोत्तम.